बुजऱ्या कुत्र्याला घर देताना

जर्मनीतील प्राणी-आश्रयगृहांत काही कुत्री अशी असतात, की माणूस दिसताच ती कोपरा धरतात. हात पुढे केला तर अंग आक्रसून घेतात, दार वाजले तरी थरथरतात, आणि पट्टा बांधून बाहेर काढले की एक तर जागच्या जागी खिळून बसतात किंवा जिवाच्या आकांताने निसटू पाहतात. तिथले कर्मचारी अशा कुत्र्याला ‘आंग्स्टहुंड’ म्हणतात. मराठीत त्याला बुजरा कुत्रा म्हणता येईल. असा कुत्रा घरी आणणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. भरपूर माया लावा, आपोआप सुधारेल, हा एक. आणि मालक कोण ते पहिल्याच दिवशी दाखवून द्या, हा दुसरा. जर्मनीत कायदा, आश्रयगृहे आणि पशुवर्तनाचे अभ्यासक यांच्या अनुभवातून जी पद्धत रुळत गेली, ती या दोन्हींहून वेगळी आहे. बुजऱ्या कुत्र्याला ठाम माणूस लागतो, हे ती मान्य करते. मात्र हा ठामपणा धाकातून नव्हे, तर माणसाच्या रोजच्या एकसारख्या वागण्यातून यावा लागतो, असे तिचे म्हणणे आहे.

भटकी कुत्री नसलेला देश

जर्मनीत आज एक कोटीहून अधिक पाळीव कुत्री आहेत, पण रस्त्यावर बेवारस कुत्रे जवळजवळ दिसत नाही. यामागे दोन शतकांची व्यवस्था आहे. प्रशियात 1810 साली चैनीच्या वस्तूंवरील कर म्हणून कुत्र्यांवर कर बसला. तो आजही ‘हुंडेश्टॉयर’ या नावाने स्थानिक नगरपालिका वसूल करतात. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला 120 युरो आणि त्यापुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी 180 युरो भरावे लागतात. देशभरात या कराचे उत्पन्न वर्षाला 40 कोटी युरोंच्या वर गेले आहे. कर भरायचा म्हणजे नोंद आली, आणि नोंद आली म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे एक जबाबदार माणूस आला.

दुसरी बाजू प्राणिदयेच्या चळवळीची. अल्बर्ट क्नाप या धर्मोपदेशकाने 1837 साली श्टुटगार्टमध्ये जर्मनीतली पहिली प्राणिरक्षण संस्था स्थापन केली. बर्लिनची संस्था 1841 सालची. अशा स्थानिक संस्थांचा महासंघ, ‘डॉइचर टीअरशुट्झबुंड’, 1881 पासून काम करतो आणि सुमारे 550 आश्रयगृहे त्याच्याशी जोडलेली आहेत. बर्लिनच्या फाल्केनबर्ग भागात 2001 साली उघडलेले आश्रयगृह सुमारे 16 हेक्टर जागेवर पसरले असून युरोपातल्या सर्वांत मोठ्या आश्रयगृहांत त्याची गणना होते.

पुढे कायद्याचाही आधार मिळाला. 1972 च्या प्राणिरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय पृष्ठवंशीय प्राण्याला मारणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. 1990 मध्ये नागरी संहितेत प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत, असे कलम आले आणि 2002 मध्ये प्राण्यांचे रक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून संविधानात नोंदले गेले. त्यामुळे जागा नाही किंवा कोणी नेत नाही एवढ्या कारणाने आश्रयगृहाला कुत्रा मारता येत नाही. ज्याला कोणी नेत नाही तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो, आणि अशा मागे राहिलेल्यांत बुजरी कुत्री बरीच असतात. पाहायला आलेल्या कुटुंबापुढे शेपूट हलवत जाणारा कुत्रा लवकर घरी जातो. पाठ फिरवून भिंतीला टेकणारा मागे राहतो.

बुजऱ्या कुत्र्यांचा दुसरा मोठा ओघ परदेशातून येतो. रोमेनिया, बल्गेरिया, ग्रीस, स्पेन या देशांतली कुत्री स्वयंसेवी संस्था जर्मनीत आणतात. रोमेनियात 2013 साली बुखारेस्टमध्ये एका लहान मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर झालेल्या कायद्याने, पकडलेल्या भटक्या कुत्र्यांना ठरावीक मुदतीत कोणी नेले नाही तर मारण्याची मुभा दिली, आणि कुत्री बाहेर पाठवण्याच्या कामाला वेग आला. स्पेनमधून ‘गाल्गो’ जातीची शिकारी कुत्री येतात. शिकारीचा हंगाम सरला की त्यांतली अनेक टाकून दिली जातात.

या आयातीला नियम आहेत. कुत्र्याला मायक्रोचिप आणि युरोपीय पासपोर्ट हवा. रेबीजची लस वयाच्या 12 व्या आठवड्याआधी देता येत नाही आणि त्यानंतर 21 दिवस थांबावे लागते, म्हणून 15 आठवड्यांहून लहान पिल्लू नियमाने जर्मनीत येऊ शकत नाही. दत्तक देण्यासाठी कुत्री आणणाऱ्या संस्थेला जर्मन प्राणिरक्षण कायद्याच्या 11 व्या कलमाखाली परवाना लागतो आणि प्रत्येक खेपेची नोंद ‘ट्रेसेस’ या युरोपीय प्रणालीत करावी लागते. दक्षिणेकडून आलेल्या कुत्र्यात लेश्मानिया, एर्लिकिया, बॅबेसिया किंवा हृदयातले जंत असू शकतात. त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते, आणि काही आजारांचा संसर्ग उशिरा कळत असल्यामुळे ती काही महिन्यांनी पुन्हा करतात. परवाना, पासपोर्ट आणि तपासणीचे कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेकडून कुत्रा घेऊ नये, असे जर्मन प्राणिरक्षक सांगतात.

भीती येते कुठून

बुजरा कुत्रा म्हणजे मार खाल्लेला कुत्रा, असे बहुतेकांना वाटते. काहींच्या बाबतीत ते खरेही असते, पण अनेकांच्या भीतीचे मूळ अनुभवांच्या अभावात असते. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचे 1965 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आजही या विषयाचा पाया मानले जाते. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते ते त्याच्या दृष्टीने ‘नेहमीचे’ ठरते. याच प्रयोगशाळेत, माणसाचा सहवास न मिळता 14 आठवडे वाढलेली पिल्ले नंतर माणसाच्या जवळ येईनाशी झाली होती.

रोमेनियातल्या एखाद्या कोंडवाड्यात जन्मलेल्या पिल्लाने या काळात जिना पाहिलेला नसतो, काचेचे दार, व्हॅक्युम क्लीनर, लिफ्ट, सायकल यांपैकी काहीच पाहिलेले नसते. गावाच्या वेशीवर मोकळे वाढलेले कुत्रे माणसाला ओळखते, पण ठरावीक अंतरावरून. चार भिंतींच्या आत माणसाच्या हातभर अंतरावर झोपण्याची त्याला कल्पनाच नसते. त्याला म्युनिकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणणाऱ्याला वाटते की आपण त्याची सुटका केली. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र त्याला पकडून कोंडलेले असते. याशिवाय भित्रेपणाला आनुवंशिक बाजू असते. गाभण कुत्रीवरचा ताण पिल्लांच्या स्वभावात उतरू शकतो. आश्रयगृहातले अखंड भुंकणे आणि बदलती माणसे त्यात भर घालतात. पाठीचे, सांध्याचे, दातांचे दुखणेही भीती वाढवते, म्हणून जर्मन पशुवैद्य वर्तनाच्या तक्रारीत आधी शारीरिक तपासणी करतात.

घाबरलेला कुत्रा गुरगुरण्याच्या बराच आधी बोलायला लागतो. जांभई, जिभेने नाक चाटणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, एक पंजा उचलून धरणे, शेपूट पोटाखाली घेणे, हातातला खाऊ नाकारणे या त्या खुणा. नॉर्वेतील प्रशिक्षक तुरिद रुगास यांच्या लिखाणामुळे सामान्य पालकांनाही त्या वाचता येऊ लागल्या. या खुणांकडे दुर्लक्ष झाले की कुत्रा गुरगुरतो, आणि गुरगुरण्याबद्दल शिक्षा मिळत गेली तर तो ती पायरी गाळून थेट चावायला शिकतो. गुरगुरणे ही सूचना असते, आणि ती मिळत राहणे माणसाच्या फायद्याचे असते.

धाकाचा काळ आणि त्यानंतर

कुत्र्याला धाकात ठेवावे ही कल्पना जर्मनीत खोल रुजलेली होती. पोलीस आणि लष्करी कुत्र्यांचे प्रशिक्षक कोनराड मोस्ट यांचे 1910 सालचे पुस्तक अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरले. आज्ञा मोडली की दंड, हा त्यातल्या पद्धतीचा कणा. 1947 मध्ये स्विस अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवर निबंध लिहिला. त्यातून कळपात सत्तेसाठी सतत झगडा चालतो आणि जिंकणारा ‘अल्फा’ ठरतो, असे चित्र लोकांपुढे गेले. ते कुत्र्यांना लावले गेले, आणि कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरणे, त्याच्या आधी दारातून जाणे, त्याच्या आधी जेवणे, अशा युक्त्या निघाल्या.

हा पाया पुढे डळमळला. अमेरिकन लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांच्याच 1970 च्या पुस्तकाने अल्फाची कल्पना जगभर पोहोचवली होती. कॅनडातील एल्स्मिअर बेटावर त्यांनी मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 च्या निबंधात आपले मत बदलले. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असतात, आणि पुढारपण आई-बापांकडे आपसूक येते. शेंकेल यांचे लांडगे मात्र एका कुंपणात कोंडलेले होते.

पोर्तुगालमध्ये 92 कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. हिसका, ओरडा अशा उपायांनी शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा अधिक दिसल्या, आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही जास्त वाढलेले आढळले. जर्मन कायदा याच दिशेने सरकत आला आहे. विजेचा झटका देणारे गळपट्टे प्रशिक्षणात वापरणे बेकायदा असल्याचा निर्णय संघीय प्रशासकीय न्यायालयाने 2006 मध्ये दिला. 1 ऑगस्ट 2014 पासून व्यवसाय म्हणून कुत्री शिकवणाऱ्याला पशुवैद्यकीय कार्यालयाची परवानगी लागते. 1 जानेवारी 2022 पासून काटेरी गळपट्टा आणि वेदना देणारी अन्य साधने प्रशिक्षणात वापरण्यास बंदी आहे.

बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत धाक अधिकच घातक ठरतो. अनोळखी माणूस दिसला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला हिसका बसला, तर त्याच्या मनात अनोळखी माणूस आणि वेदना यांची सांगड पडते. कुत्रा गप्प होतो, मालकाला वाटते गुण आला. आत मात्र भीती वाढलेली असते.

दत्तक देण्याआधीची पारख

जर्मन आश्रयगृहात कुत्रा आवडला म्हणून त्याच दिवशी सहसा घरी नेता येत नाही. घर केवढे, जिने किती, मुले केवढी, दिवसभर घरी कोण असते, आधी कुत्रा होता का, सुटीत त्याला कोण सांभाळणार, असे प्रश्न विचारले जातात. बुजऱ्या कुत्र्यासाठी अनेक फेऱ्या माराव्या लागतात. पहिल्या भेटीत पिंजऱ्याबाहेर नुसते बसायचे, नंतर हातातून खाऊ, मग कर्मचाऱ्यासोबत थोडे चालणे, असा क्रम असतो. संस्थेचा माणूस घर पाहून जातो. मग संरक्षण-करार होतो: काहीशे युरो शुल्क, कुत्रा परस्पर कोणाला न देण्याची अट, आणि जमले नाही तर संस्थेकडेच परत आणण्याचे बंधन. त्यानंतरही संस्था विचारपूस करत राहते.

परदेशातल्या कुत्र्याचे छायाचित्र पाहून थेट दत्तक घेता येते, पण भित्र्या कुत्र्यासाठी ही वाट जोखमीची असते. त्यापेक्षा तात्पुरत्या पालकाच्या घरी राहिलेला कुत्रा निवडणे बरे. तो जिना चढतो का, मुलांना भितो का, एकटा राहतो का, हे त्या पालकाने रोज पाहिलेले असते.

कायदेशीर बाबींची तजवीज आधीच करावी लागते. भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट मनाई करणारे छापील कलम अवैध असल्याचा निर्णय संघीय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. तरी घरमालकाची लेखी संमती घेणे शहाणपणाचे. नागरी संहितेच्या 833 व्या कलमाप्रमाणे पाळीव कुत्र्याने केलेल्या नुकसानीला त्याचा धनी जबाबदार असतो, आपली चूक नव्हती असे म्हणून त्याला सुटता येत नाही. बर्लिन, हॅम्बुर्ग, लोअर सॅक्सनी अशा काही राज्यांत यासाठी विमा सक्तीचा आहे. लोअर सॅक्सनीत 2013 पासून नव्या कुत्रापालकाला जाणकारीची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

पहिले आठवडे

निसटणाऱ्या नव्या कुत्र्यांपैकी बरीच पहिल्याच काही दिवसांत निसटतात. गाडीचे दार उघडताच, घराच्या फाटकात, किंवा कचऱ्याच्या गाडीच्या आवाजाने कुत्रा मागे सरतो, गळपट्टा डोक्यावरून निघतो आणि तो दिसेनासा होतो. म्हणून आश्रयगृहे बुजऱ्या कुत्र्याला दुहेरी बंदोबस्तात सोपवतात. पोटाच्या मागच्या भागावर जास्तीचा पट्टा असलेला सुरक्षा-हार्नेस, जोडीला गळपट्टा, आणि दोन्हींना वेगवेगळे पट्टे. त्यांतला एक माणसाच्या कमरेला बांधलेला. गुंडाळी होणारा पट्टा वापरत नाहीत, कारण हातातून सुटला की त्याचा जड दांडा खडखडत कुत्र्याच्या मागे धावतो आणि कुत्रा आणखी उधळतो. मायक्रोचिपचा क्रमांक फ्रँकफुर्टजवळच्या ‘टासो’ किंवा टीअरशुट्झबुंडच्या ‘फिंडेफिक्स’ या नोंदवहीत विनामूल्य नोंदवता येतो. कुत्रा पळालाच तर हाका मारत मागे धावायचे नाही. पळालेल्या ठिकाणी खाणे आणि ओळखीच्या वासाचे पांघरूण ठेवायचे, दिसल्याची प्रत्येक खबर टिपायची, आणि गरज पडल्यास जाणकारांकडून सापळा-पिंजरा लावून घ्यायचा, अशी पद्धत आहे.

घरात पहिले काही दिवस काहीही शिकवायचे नसते. शांत कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, तिन्ही बाजूंनी आडोसा असलेली एक जागा कुत्र्याला द्यायची. तो तिथे असताना कोणी त्याला हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. त्याच्यावर वाकायचे नाही, डोळ्यांत रोखून पाहायचे नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही. पाहुणे बोलवायचे नाहीत, अंघोळ घालायची नाही. जवळच जमिनीवर कुत्र्याकडे तोंड न करता बसून पुस्तक वाचावे आणि कुत्र्याने आपण होऊन जवळ येण्याची वाट पाहावी. काही कुत्री दोन-तीन दिवस कोणाच्या देखत खात नाहीत, रात्री सगळे झोपल्यावर खातात. बाहेर जाण्याची फेरी रोज त्याच वेळी, त्याच छोट्या वाटेने काढायची. निसर्गरम्य नव्या जागा दाखवण्याची हौस या काळात आवरावी लागते.

ठामपणा म्हणजे काय

घाबरलेल्या प्राण्याला सर्वांत जास्त त्रास पुढे काय होणार ते न कळण्याचा होतो. त्यावर उतारा म्हणजे अंदाज बांधता येईल असे घर. खाणे ठरलेल्या वेळी, झोप ठरलेल्या जागी, घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच. एकाने सोफ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, असे झाले की कुत्र्याला नियम कळत नाही, माणसांची धास्ती मात्र वाटू लागते. नियम थोडे असावेत आणि ते रोज पाळले जावेत.

ठाम माणूस कुत्र्याच्या वतीने निर्णय घेतो. रस्त्यात कोणी ‘किती गोड!’ म्हणत हात पुढे केला, तर तो मध्ये उभा राहून नम्रपणे नाही म्हणतो. समोरून मोकळा कुत्रा आला तर आपला कुत्रा मागे घेऊन स्वतः पुढे होतो. दारावरची घंटा वाजली तर कुत्र्याला आधी त्याच्या जागी पाठवतो, मग दार उघडतो. अशा प्रसंगांची पुनरावृत्ती झाली, की संकट आले तर हा माणूस बघून घेतो, हे कुत्र्याला उमगते, आणि त्याला स्वतः भुंकून किंवा पळून मार्ग काढावा लागत नाही.

घाबरल्यावर जवळ घेतले तर भीतीला खतपाणी मिळते, हा समज जर्मनीतही जुना आहे. भीती ही भावना आहे, कुत्र्याने निवडलेली कृती नव्हे. तिला बक्षीस देऊन ती वाढवता येत नाही. आधार शोधत आलेल्या कुत्र्याला शांतपणे जवळ बसू द्यावे, पाठीवर हात ठेवावा. मात्र माणसाने स्वतः घाबरून, आवाज चढवून ‘नाही रे बाळा, नाही रे’ सुरू केले, तर त्याची अस्वस्थता कुत्र्यापर्यंत पोहोचते. लपून बसलेल्या कुत्र्याला मायेपोटी ओढून मांडीवर घेणे हेही बळजबरीतच मोडते.

भीतीवर काम

कुत्रा खाऊ लागला, झोपू लागला, माणसामागे घरभर फिरू लागला की शिकवणे सुरू करता येते. येथे मदतीला येणारी पद्धत दोन भागांची आहे: भीतीची गोष्ट अगदी सौम्य प्रमाणात समोर आणणे, आणि ती दिसताच कुत्र्याला आवडीचे काही देणे. सायकलला भिणारा कुत्रा किती अंतरापर्यंत सायकल पाहूनही खाऊ घेतो, हे आधी शोधायचे. ते अंतर 50 मीटर असेल तर काम 50 मीटरवर चालते. सायकल दिसली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, सायकल गेली की तुकडे बंद. काही दिवसांनी सायकल दिसताच कुत्रा माणसाकडे वळून पाहू लागतो. मग अंतर थोडे कमी करायचे. खाऊ नाकारला तर आपण फार जवळ आलो, एवढाच त्याचा अर्थ, मागे सरकायचे. सवय व्हावी म्हणून कुत्र्याला गर्दीच्या बाजारात नेऊन उभे करण्याने उलटा परिणाम होतो. तो धडपडायचे थांबतो ते शांत झाला म्हणून नव्हे, तर हतबल झाला म्हणून.

याच रीतीने एकटे राहणे शिकवतात: आधी खोलीचे दार क्षणभर लोटून, मग काही सेकंद, मग मिनिटे. तोंडावर बांधायच्या जाळीची, म्हणजे मझलची, सवयही अशीच लावतात. आत चारीकडून खाऊ लावलेल्या, तोंड उघडता येईल अशा जाळीत कुत्रा आपण होऊन नाक घालायला शिकतो. हे कौशल्य जर्मनीत उपयोगी पडते, कारण ‘डॉइचे बान’च्या गाडीत पिंजऱ्याबाहेरच्या कुत्र्याला पट्टा आणि मझल लावावे लागते, आणि पशुवैद्याकडे सगळ्यांनाच त्यामुळे निर्धास्त राहता येते. मोकळ्या मैदानात हार्नेसला पाच-दहा मीटरचा लांब पट्टा बांधून कुत्र्याला हुंगत फिरू देतात. नाकाचे काम बुजऱ्या कुत्र्यांना विशेष मानवते: गवतात विखुरलेला खाऊ शोधणे, कागदाच्या खोक्यातून तुकडे काढणे. त्यात त्याला कोणाचे ऐकायचे नसते, हरायचे नसते, आणि यश रोज मिळते.

एखादा धीट, शांत कुत्रा घरात आधीपासून असेल तर मोठी मदत होते. बुजरा कुत्रा माणसाकडे पाहण्याआधी त्या कुत्र्याकडे पाहतो. म्हणून काही संस्था फार भित्री कुत्री फक्त अशाच घरांना देतात.

औषधांची जागा

काही कुत्र्यांची भीती इतकी तीव्र असते की त्यांना शिकण्याइतकी उसंत मिळत नाही. अशांना पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि जोडीला प्रशिक्षण चालू ठेवावे लागते. अमेरिकेत वीव्हरव्हिल येथे 2018 पासून केवळ भयग्रस्त कुत्र्यांसाठी एक पुनर्वसन केंद्र चालते. तिथल्या अनुभवाप्रमाणे नियमित, टप्प्याटप्प्याने केलेल्या कामाने बहुतांश कुत्री दत्तक देण्याजोगी होतात. जर्मनीत पशुवैद्यांना वर्तनोपचाराची जादा पात्रता मिळवता येते. परवानाधारक प्रशिक्षक आणि असा पशुवैद्य यांनी एकत्र पाहिलेल्या कुत्र्याची प्रगती चांगली होते. जुन्या काळी सर्रास दिले जाणारे एसप्रोमाझिन मात्र भीतीसाठी योग्य मानले जात नाही: शरीर ढिले पडते, पण भीती तशीच राहू शकते.

औषधाचा प्रश्न सर्वाधिक निघतो तो वर्षाच्या शेवटी. जर्मनीत फटाक्यांची विक्री साधारणपणे 29 ते 31 डिसेंबर या तीनच दिवसांत होते आणि 31 च्या मध्यरात्री सगळे शहर एकदम कडाडते. दिवाळीत भारतातल्या कुत्र्यांचे जे हाल होतात, तेच तिथे एका रात्रीत होतात. या दिवसांत कुत्र्याला दुहेरी पट्ट्याशिवाय बाहेर नेत नाहीत, संध्याकाळची फेरी उजेड असतानाच उरकतात, खिडक्या-पडदे लावून आतल्या खोलीत संगीत लावतात. काही जण ती रात्र गावाबाहेर, आवाजापासून दूर काढतात. आवाजाच्या भीतीवर दाताच्या हिरडीला लावायचे डेक्समेडेटोमिडिनचे जेल मिळते; त्याची चाचणी सणाच्या आधीच घेतलेली बरी.

मराठी घरांसाठी

म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्टकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणखी काही गोष्टींचा विचार करावा लागतो. घरात आजी-आजोबा नाहीत, मदतनीस नाही. दोघेही नोकरीला असतील तर बुजरा कुत्रा पहिले काही महिने एकटा ठेवता येत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरभर माणसे जमवण्याची रीत असेल, तर कुत्र्यासाठी बंद होणारी एक खोली राखून ठेवावी लागते. भारतभेटीला चार-पाच आठवडे जायचे तर कुत्र्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवणे उत्तम. त्या माणसाची ओळख काही महिने आधीपासून करून द्यावी लागते.

कुत्रा सोबत न्यायचा, किंवा पुण्या-नाशिकचा एखादा गावठी कुत्रा जर्मनीत आणायचा, तर भारतासाठीचा नियम कडक आहे. रेबीजच्या लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. प्रमाण मिलिलीटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक भरले, तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबल्यावरच कुत्र्याला युरोपीय संघात प्रवेश मिळतो. जर्मनीतून निघण्याआधीच ही चाचणी करून पासपोर्टात नोंदवली आणि लस वेळेवर चालू ठेवली, तर परतताना थांबावे लागत नाही.

महाराष्ट्रात रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्र्यालाही हीच पद्धत लागू पडते. त्याला माणसांची, वाहनांची, गर्दीची ओळख असते; बंद दार, पट्टा आणि एकटेपणा त्याला नवे असतात. त्यामुळे त्याचे प्रशिक्षण तिथून सुरू होते.

किती दिवस लागतात

तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने रुळायला, असा एक ठोकताळा आश्रयगृहांत सांगितला जातो. बुजऱ्या कुत्र्याला तो पुरत नाही. त्याच्यासाठी हिशेब महिन्यांचा आणि कधी वर्षांचा असतो. प्रगती सरळ रेषेत होत नाही. महिनाभर जिना चढणारा कुत्रा एखाद्या दिवशी पायरीवर थिजतो, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, फक्त दुसऱ्या वेळी ती लवकर पार पडते. काही कुत्री शेवटपर्यंत अनोळखी माणसांपासून लांब राहतात, कॅफेत टेबलाखाली झोपत नाहीत, पट्ट्याशिवाय कधीच सोडता येत नाहीत. अशा कुत्र्याचे यश वेगळे मोजतात: तो सलग झोपतो का, नेहमीच्या वाटेवर हुंगत चालतो का, घरातल्या माणसांकडे आपण होऊन येतो का.

ज्यांना लगेच खेळणारा, मुलांत मिसळणारा, प्रवासात सोबत येणारा कुत्रा हवा आहे, त्यांनी बुजरा कुत्रा घेऊ नये, हे आश्रयगृहे स्पष्ट सांगतात. घेतल्यानंतर जमत नाही असे दिसले तर करारानुसार तो परत करता येतो, आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. पण प्रत्येक परतीने कुत्र्याचा विश्वास पुन्हा तुटतो, म्हणून निर्णयाआधीच्या भेटी वाढवणे, घरच्या सगळ्यांची संमती घेणे आणि पुढची दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडणे, हे दत्तक घेणाऱ्याचे पहिले काम ठरते.